मागच्या वायपरचा फ्यूज

तिसऱ्यांदा तोच वायरलेस सेट माझ्या टेबलावर आला आणि तिसऱ्यांदाही ठणठणीत निघाला. आवाज स्वच्छ, पॉवर पूर्ण. मी कापगते साहेबांना फोन लावला.

"साहेब, सेटमध्ये फॉल्ट नाही."

"मग फॉल्ट ड्रायव्हरमध्ये आहे," ते म्हणाले. "पठ्ठ्या सेट बंद करून झोपून राहते. आज त्याला काढायचं पत्रच देतो."

"पत्र आजचा दिवस थांबवा. मला गाडी पाहायची आहे."

गोंदियात माझं वायरलेस दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. साहेबांचं वनखात्याचं पथक अर्जुनी मोरगावकडच्या जंगलात हत्तींच्या कळपामागे होतं. ट्रॅकर पायी कळपावर नजर ठेवत, वायरलेसवर गाडीला कळवत, आणि गाडी पुढे जाऊन लोकांना सावध करी. मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे सगळी भिस्त त्या सेटवर. आधीच्या आठवड्यात ट्रॅकर ओरडत राहिले आणि गाडीतून उत्तर आलंच नाही. एक म्हातारा हत्तीपुढून पळताना पडला, पाय मोडला.

दुपारी मी तिथे पोचले. गाडी तलावाच्या पाळीवर उभी होती, शेजारी कापगते साहेब. खाली बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांत, बाया धान कापत होत्या. ड्रायव्हर भोजराज पटले बॉनेटला टेकून उभा होता. चाळिशीचा, दाढी वाढलेली.

"गाडीत नवीन काय लावलं?" मी विचारलं.

"काईच नाई जी."

"चार्जर? लाईट? टेप?"

"नाई म्हणून राहिलो ना मॅडम! अन् सेट मी कधीच बंद नाई केला. मायची आन."

मी सेट बसवला. चावी बंद असताना ट्रॅकरला हाक दिली, लगेच उत्तर आलं. मग चावी ऑन केली. इंजिन चालू नाही, फक्त चावी. सेटमधून कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज सुरू झाला आणि ट्रॅकर त्यात बुडून गेला.

मला एकदम हुरूप आला. इंजिन बंद असताना आवाज आहे, म्हणजे दोष इंजिनात नाही. चावीबरोबर करंट मिळणारी कुठली तरी वस्तू रेडिओत घाण करत होती.

"हा आवाज आला की तुम्ही काय करता?" मी भोजराजला विचारलं.

त्याने सेटचं एक बटन पार टोकाला फिरवलं. तडतड थांबली. "डोकं उठून जाते जी. म्हणून असं करतो."

त्या बटनाला स्क्वेल्च म्हणतात. सेटच्या दारावरचा वॉचमन समजा. त्याला फार कडक केलं की गोंगाट बाहेर राहतो, पण दुरून आलेला बारीक आवाजही बाहेरच राहतो. भोजराज झोपत नव्हता. त्याचा सेट चालू होता, फक्त काही ऐकू येत नव्हतं.

"पण गोंगाट करते कोण?" साहेब हाताची घडी घालून उभे होते.

मी बटन पुन्हा सैल केलं आणि फ्यूजचा डबा उघडला. गाडीतल्या जवळपास प्रत्येक वस्तूची वायर आपापल्या फ्यूजमधून जाते. एक काढायचा, ऐकायचं, परत लावायचा. हॉर्न, तडतड तशीच. ब्लोअर, तशीच. इंडिकेटर, तशीच. मग मागच्या वायपरचा काढला आणि सेट गप्प झाला.

"वायपर तर बंद आहे!" साहेब म्हणाले.

"तेच तर!"

फ्यूजच्या पायाला एक जास्तीची काळी वायर गुंडाळलेली होती. मी फ्यूज परत लावला, पर्समधला छोटा रेडिओ काढून मीडियम वेव्हवर लावला आणि वायरीजवळ धरला. तो गुरगुरला. गुरगुर जाईल तिकडे मी गेले. डॅशबोर्डखालून काचेच्या कडेने वर, छताच्या कापडात, आणि आरशामागे. तिथे काडेपेटीएवढा कॅमेरा चिकटवलेला होता.

मी फ्यूज काढून घेतला. भोजराज गाडीच्या पायरीवर बसला.

"हे काय?" साहेब कडाडले.

"दिवाळीआधी लोकायनं मले घेरलं होतं. म्हणे, तूच हत्ती आमच्या बांधीत हाकलले. तुमीबी त्यायचंच ऐकलं, साहेब. मंग पुरावा नको का मले?"

"सांगितलं काऊन नाहीस?"

"तुमी काढाले लावला असता."

मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात सेट बोलला. अगदी स्वच्छ.

"गाडी, गाडी! कळप पाळीकडं वळला! कापणीवाल्या बाया आहेत तिकडं! कोणी आयकून राहिलं का?"

भोजराजने माइकवर झडप घातली. "आयकलं! निघालो!"

मी उतरायच्या आत गाडी सुटली. फ्यूज माझ्या मुठीत, साहेब गाडीच्या भोंग्यावर. "बायांनो, विळे टाका! शाळेकडं पळा!" बाया धडाधड बांध ओलांडू लागल्या. एक म्हातारी डब्यासाठी माघारी वळली. भोजराजने उडी मारली, तिला हाताला धरून ओढत आणलं, गाडीत कोंबलं. आम्ही शाळेपाशी पोचतो न पोचतो तोच बांबूच्या बेटातून पहिला हत्ती बाहेर आला. मागून एकेक करत अकरा. मी शाळेच्या भिंतीला टेकून मोजत होते.

चार बांध्या तुडवल्या गेल्या. माणूस एकही नाही.

मग मी काम पुरं केलं. गाडीची बॅटरी बारा व्होल्टची, कॅमेऱ्याला लागतात पाच. त्याच्या स्वस्त अडॅप्टरमध्ये हा उतार करंट सेकंदाला हजारो वेळा तोडून होत होता, आणि त्यातून गोंगाट निघत होता. वर भोजराजने ती वायर सेटच्या अँटेनाच्या केबलला टेपने बांधली होती. मी वायर दुसऱ्या बाजूने नेली, अडॅप्टर चांगला लावला, वायरीवर गोंगाट अडवणारे फेराइटचे मणी चढवले. चावी ऑन केली. सेट शांत, कॅमेरा चालू.

"कॅमेरा राहू दे," साहेब भोजराजला म्हणाले. पत्राचं त्यांनी काय केलं ते मी विचारलं नाही. भोजराज आजही तीच गाडी चालवतो.

गाडीत नवीन काय लावलं, असं मी आता कोणाला विचारत नाही. सगळे नाहीच म्हणतात, आणि प्रत्येकाकडे तसं म्हणायला कारण असतं. मी सरळ फ्यूजचा डबा उघडते.