टेक्सासच्या गोष्टीला जळकोटचा हुंकार

मंडळी, आज दुपारी जळकोटच्या वाचनालयात टेक्सासच्या एका खेडवळ विनोदी लेखकाच्या गोष्टी मराठीत करून वाचल्या. पहिली संपली, तरी कुणी हसलंच नाही. मी दुसरी काढली.

पुढं बसलेल्या शेवंताकाकू म्हणाल्या, "हुंकार दिल्याबिगर गोष्ट पुढं जात न्हाय, बाळा. आता वाच."

मी वाचलं, "म्हातारा खेचरावर रुसला."

काकू म्हणाल्या, "हं."

"खेचर म्हाताऱ्यावर रुसलं."

"हं!" अख्खी खोली म्हणाली आणि हसू फुटलं. टेक्सासचा तो धुळकट रस्ता आमच्या ज्वारीच्या रानात कधी शिरला, कळलंच नाही.

घरी आलो. चहा ठेवता ठेवता हे सगळं एकटाच मोठ्यानं सांगत होतो आणि मधेच थांबलो, "हं" ऐकायला.

तुमच्या घरी हुंकार कोण देतं?