सतार ऐकू आली, डग्गा नाही

तुमच्या नव्या टर्नटेबलमधून आवाज अगदी बारीक येतो आणि दुकानदाराने बिघडलेलं यंत्र गळ्यात मारलं असं तुम्हांला वाटतं, हे तुमच्या आईने फोनवर सांगितलं. परत करायची घाई करू नका. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला कल्याणच्या घरी मीही असाच बारीक आवाज ऐकला होता. त्या दुपारी मला वाटली तेवढी भीती पुढे बाळंतपणातही वाटली नाही.

त्याला कारण होतं. ठाण्याच्या एका मुलींच्या शाळेत मला इंग्रजी शिकवायची नोकरी मिळत होती. जायचं की नाही, ते मामंजी, म्हणजे माझे सासरे, दसऱ्याच्या संध्याकाळी सांगणार होते. सासूबाईंचं मत आधीच ठरलेलं होतं. "इंग्रजी शिकलेली सून," त्या शेजारणीला म्हणायच्या, "दिसेल त्याला हात लावते."

तुमचे आजोबा रेल्वेच्या टेलिफोन खात्यात होते. त्यांनी एक जुनं टर्नटेबल आणून त्याला नव्या धर्तीचा, चुंबकाचा पिकअप, म्हणजे सुई धरणारा भाग, बसवला होता आणि ते मामंजींच्या रेडिओला जोडलं होतं. मधे त्यांनी स्वतः बनवलेला एक पत्र्याचा डबा असे. त्यात काचेचा एकच व्हॉल्व्ह होता. तो डबा वायरी जोडण्यापुरता आहे, अशी माझी समजूत होती.

सकाळी पाटावर सगळ्याची पूजा झाली. रेडिओ, टर्नटेबल, तो डबा, पेचकस, तारा डाखायची सळई, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. मग खडवलीच्या बाजूला तारांत बिघाड झाला म्हणून तुमच्या आजोबांना बोलावणं आलं आणि ते गेले.

जेवताना मामंजी म्हणाले, "संध्याकाळी सोनं द्यायला लोक येतील. त्यांना ती सतारीची तबकडी ऐकवू. जोडून ठेवाल ना कोणीतरी?"

"मी जोडते," मी म्हटलं.

सासूबाईंनी रेडिओवर आणि टर्नटेबलवर अक्षता टाकून दोन्ही जरा हलवलं, म्हणजे पूजेतून मोकळं केलं. डब्याकडे मी हात नेला तशा त्या म्हणाल्या, "तो राहू दे. ती हत्यारं. हत्यारं उद्याशिवाय उचलायची नाहीत."

मला ते पटलं, कारण टर्नटेबलच्या वायरी रेडिओच्या मागच्या भोकांत अगदी नीट बसल्या. मी जागा पुसली, सगळं सरळ रेषेत मांडलं आणि मामंजी झोपले आहेत तोवर एकदा लावून बघावं म्हणून सुई तबकडीवर ठेवली.

काहीच नाही. कान लावला तेव्हा सतार ऐकू आली, पण डास गुणगुणावा तशी. मी आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. आता सतारीपेक्षा मोठी 'घूं' आली, खोली भरून. आतून काहीतरी जळतंय असं वाटलं. आपल्या घरात तो एकच रेडिओ होता, आणि मामंजी रोज सकाळी त्याच्यासमोर चहा घ्यायचे. मी बटण खाली आणलं, तेवढ्यात सासूबाई दारात आल्या.

"काय केलंस गं?"

"काही नाही."

"काही नाही तर हा भुंगा कुठून आला?"

मी वास घेतला. जळका वास नव्हता, फक्त झेंडूचा होता. पुन्हा कान लावला. सतार येत होती, तबल्याची टिचकी येत होती, पण डग्ग्याची घुमारी कुठेच नव्हती. म्हणजे मोडलं काही नव्हतं. आवाज आत जात होता, पण उपाशी होता. मग मला पाटावरचा डबा दिसला, कुंकू लावलेला.

असं का होतं, ते पुढे तुमच्या आजोबांनी समजावलं. चुंबकाच्या पिकअपमधून निघणारा प्रवाह इतका नाजूक असतो की रेडिओला तो जेमतेमच जाणवतो. शिवाय तबकडी कापताना खर्ज मुद्दाम कमी ठेवतात, नाहीतर एक चर शेजारच्या चरात घुसेल. तीव्र स्वर मात्र वाढवून ठेवतात. डबा आवाज मोठा करतो आणि खर्ज परत देतो. तुम्ही ज्याला प्रीअँप म्हणता तो हाच. तुमच्या टर्नटेबलच्या मागे 'फोनो' आणि 'लाइन' असं बटण असेल, तर डबा आतच आहे. ते 'लाइन'वर करा. बटण नसेल तर डबा वेगळा घ्यावा लागेल. आत डबा असताना बाहेर दुसरा जोडलात तर आवाज फाटेल.

त्या वेळी मला एवढंच कळलं की डबा हवा. तो मागायचा म्हणजे पूजा मोडायची. न मागता बसायचं तर संध्याकाळी चारचौघांत मामंजींच्या रेडिओतून डास.

"आई," मी म्हटलं, "माझी चूक झाली. त्या डब्याशिवाय गाणं लागत नाही."

"आणि हे तुला आत्ता कळलं?"

"आत्ताच कळलं."

 त्यांनी पाटाकडे जाऊन चिमूटभर अक्षता डब्यावर टाकल्या, डबा बोटभर सरकवला आणि देवाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, "सुनेच्या हट्टापायी. मला दोष देऊ नकोस."

डबा जोडला. व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट लागलं. मग डग्गा घुमला आणि मामंजी उठून बाहेर आले.

"मघाशी तो भोंगा कसला?"

मी सगळं सांगितलं, डबा वगळला इथपासून.

"विचारायचं होतंस."

"तुम्ही झोपला होता."

"हं," म्हणून ते तोंड धुवायला गेले. लोक आले, सोनं दिलं-घेतलं, सतार वाजली, मी फराळाच्या बशा फिरवल्या आणि एकाही पाहुण्याचा चेहरा पाहिला नाही. नोकरी गेली, असंच धरून चालले होते.

शेवटचा पाहुणा गेल्यावर मामंजी चपला आत ठेवत म्हणाले, "सोमवारी ठाण्याला जा, शाळेत सांगून ये. पण माझ्या रेडिओच्या मागे मला न विचारता हात घालायचा नाही."

मी मान हलवली. स्वयंपाकघरात जाऊन फराळाच्या बशा घासायला घेतल्या.