कॉकासमोर बसून मागितलेला न्याय

माजी अब्रू गावात कशी गेली, ते शाकीरभाई तुमाला मीठमसाला लावून सांगणारच हायेत. त्यापेक्षा मीच सांगतो. चहा येईस्तोवर होतंय सांगून. फक्त मधी हसू नका, हसायचं आलं की मी स्वतः थांबतो.

तर तो दुष्काळाचा उन्हाळा. आमच्या शिरूर कासार तालुक्यात ओलं काय असंल तर माणसाच्या अंगावरचा घाम! जनावरं चारा छावणीला गेलती, दुधाचा पत्ता न्हाई. मग आमच्या दूध सोसायटीनं दुधाचा टँकर पाण्याला लावला. ड्रायवर मी. टँकरवर अजून मोठ्या अक्षरात 'शुद्ध दूध' लिहिलेलं. पहिल्या पहिल्यांदा बाया म्हणायच्या, "महादूभाऊ, तुमच्या पाण्याच्या चहाला दूध लागत न्हाई!"

आन खरं सांगू? मी लई माजलो होतो. का माजू नये? एरवी ज्याला कोणी रामराम घालत न्हाई, त्याला सरपंच "या महादूशेठ" म्हणायला लागले!

पाणी खाली करायचं शाळेच्या आवारातल्या हौदात. एकदा मी टँकर फाटकातून आत घालायला गेलो आन फाटकाचा खांबच आडवा केला. तक्रार गेली सोसायटीत. चेरमन म्हणले, "महादू, आणखी एक तक्रार आली, की चावी टेबलावर ठेवायची आन घरी जायचं."

तवापासून टँकर आपला बाहेर रस्त्यावर. भिंतीला लावायचा, वर चढायचं, "पाइप आला रे!" म्हणून बोंब ठोकायची आन पाइप भिंतीवरून आत फेकायचा. पाइपाला पुढं ही एवढी लोखंडी तोटी. माजा पप्या चौथीत होता तवा. बापाचा टँकर आला म्हणून छाती फुगवून पळत यायचा आन पाइप उचलून हौदात घालायचा.

एक दिवस संध्याकाळी घरी गेलो, तर पप्याच्या कपाळाला ही मोठी पट्टी! भुवईच्या वर टाके. माज्या काळजाचं पाणी पाणी झालं.

"कोणी मारलं?"

पप्यानं तोंड फिरवलं.

"आरं बोल की! कोणी मारलं?"

"शाळेत लागलं."

"कुणाकडून लागलं?"

"न्हाई सांगणार."

बायको म्हणली, "गुरुजींनीच गाडीवर घालून दवाखान्यात नेलतं. डॉक्टर म्हणले, थोडक्यात डोळा वाचला. पण नाव गुरुजी बी सांगंनात."

झालं! गुरुजी बी सांगंनात, पोरगं बी सांगंना. म्हणजे कोणीतरी दम दिलाय. रात्रभर मी ह्या कुशीवरून त्या कुशीवर. दर कुशीला एक नवा आरोपी.

दुसऱ्या दिवशी टँकर भरून आणला आन शाळेच्या भिंतीला लावला. बाया, म्हातारी माणसं, पोरं, सगळी घागरी-बादल्या घेऊन रांगेत. मी खाली उतरलो. पाइप सोडला न्हाई. मागं जाऊन पाणी सोडायच्या कॉकासमोर बादली पालथी घातली आन तिच्यावर मांडी ठोकून बसलो.

"गुरुजींना बोलवा!"

गुरुजी खडूचे हात झटकत बाहेर आले. "काय रे महादू?"

"माज्या पोराला कोणी मारलं?"

"आत ये. चहा घेऊ, मग सांगतो."

"आत न्हाई! हितंच! गावासमोर!"

"अरे, मी पोराला शब्द दिलाय..."

"शब्द? म्हणजे माणूस मोठा दिसतोय!"

गुरुजींनी मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. "उंचीला तुझ्याएवढाच आहे," ते म्हणाले, "पण त्याचं नाव घेतलं, तर गावाचं पाणी तुटेल. आता तरी आत चल बाबा."

आता सांगा, एवढं ऐकून शहाण्या माणसाच्या डोक्यात उजेड पडला असता का न्हाई? माज्या पडला न्हाई. मी ताडकन उठलो. "सरपंच!"

सरपंच बिचारे कळशी घेऊन रांगेत उभे. त्यांच्या हातातली कळशीच निसटली. "आरं देवाशपथ! मी तर काल केजला गेलतो लग्नाला!"

"मग कोण? ज्या हातानं माज्या पोराचं कपाळ फुटलं, तो हात आज मी हितं मोडणार! तवर एक थेंब सुटायचा न्हाई!"

आन बसलो परत बादलीवर. ऊन असं, की टँकरला हात लावला तर भाकर भाजंल. गुरुजी म्हणायचे, "महादू, ऐक तर..." मी म्हणायचो, "नाव!" ते कपाळाला हात लावायचे.

मग रांग चुळबुळायला लागली. कोरड पडली की माणसाला सुचतं हो! हे आपले शाकीरभाई, हितंच बसलेत, विचारा त्यांना. स्वतःच्या सलीमचा कान धरून आणला. "ये ले महादू. इसने मारा."

"अब्बा, मैं तो मामू के घर था!" सलीम रडकुंडीला आला.

"चुप बैठ बे! घर में पानी होना के नहीं?"

हसताय काय शाकीरभाई, खरं हाय का खोटं?

मागनं एक बाई आली. तिनं कमरेवरची पोरगी खाली ठेवली. "भाऊ, हिनं मारलं. करा काय करायचं ते."

"आवो, ही आंगणवाडीत हाय! हिचा हात पप्याच्या गुडघ्याला पोचायचा न्हाई!"

"दगड मारला आसंल," बाई म्हणली आन घागर पुढं सरकवली.

मग काठी टेकत गयाआजी पुढं आली. गावातली सगळ्यात म्हातारी. डोळ्यांनी अधू. "मी मारलं. खोल आता."

"आजी, तुला तर दिसत बी न्हाई."

"म्हणून तर लागलं त्याला!"

सगळी रांग फिस्सकन हसली. मी आणखी पेटलो. गुरुजींकडं बोट केलं आन जे बोलू नये ते बोललो. "तुमीच मारलं असंल! म्हणून दवाखान्यात नेण्याची येवढी घाई!"

गुरुजींचा चेहरा उतरला. तेवढ्यात वर्गातून पप्या धावत आला, डोळ्यांतून धारा.

"गुरुजींना काय बोलू नका, आप्पा! पाइप होता."

"कोणता पाइप?"

"तुमचा."

सगळ्या रांगेच्या माना माज्याकडं वळल्या. टँकरचा एक थेंब टपकला, त्याचा आवाज आला.

"तुमी रोज 'पाइप आला रे' म्हणून वरडता," पप्या म्हणला. "काल वरडला न्हाई. मी भिंतीपाशीच उभा होतो. तोटी कपाळावर बसली."

मला आठवलं. आदल्या दिवशी मी कावून वरडलो न्हाई? तोंडात तंबाखूचा ताजा बार होता! वरडलो असतो तर बार वाया गेला असता. पाइप फेकला आन कॅबिनमधी जाऊन गाणी ऐकत बसलो. भिंतीपलीकडं माजं लेकरू एका हातानं रक्त दाबून दुसऱ्या हातानं पाइप हौदात घालत होतं, पाणी सांडू नये म्हणून!

"आरं मग सांगितलं कावून न्हाई मला?"

"तुमीच आईला सांगत होता ना, आणखी एक तक्रार आली की चेरमन चावी काढून घेणार. मग मी गुरुजींना म्हणलं, कोणालाच सांगू नका."

काय सांगू! पप्याला पोटाशी धरला आन गावासमोर ढसाढसा रडलो. लाजेनं तर रडलोच, पण जास्त रडलो ते जीव भांड्यात पडला म्हणून. माज्या लेकराचं कोणी वाईट चिंतलं न्हवतं. डोळा वाचला होता. आन ते बापाला सांभाळून घेत होतं. गुरुजींचे पाय धरले, तर ते म्हणाले, "ऊठ रे. तोंड उघडू दिलं असतंस, तर सकाळीच सांगून मोकळा झालो असतो."

काठी टेकत गयाआजी जवळ आली. "महादू, रडायचं मागनं बघ. हात मोडणार होतास ना?"

"व्हय आजी," मी मान खाली घातली.

"मोड की मग. पण आधी त्याच हातानं कॉक खोल!"

आशी हसली रांग, आशी हसली! मी त्या गडबडीत पाइप न जोडताच कॉक खोलला. सगळा लोंढा माज्या अंगावर! बाया घागरी घेऊन माज्याभोवती धावल्या, माज्या धोतराखाली सुद्धा एकीनं कळशी लावली. त्या उन्हाळ्यात आख्ख्या गावात डोक्यावरून आंघोळ केलेला माणूस मी एकटा.

तक्रार? एकानं बी केली न्हाई. पण गाव सोडतंय व्हय? दुसऱ्या दिवशी वेशीपासूनच मी बोंबलत आलो, "पाइप आला रे!" टँकरवर चढून भिंतीपलीकडं बघतो तर काय! आख्खी शाळा डोक्यावर घमेली, बादल्या, ताटं घेऊन उभी! पुढं गुरुजी, डोक्यावर खिचडीचं पातेलं. आन पप्या वरडतोय, "फेका आप्पा, आमी तयार हाय!"

आन नेमके त्याच दिवशी चेरमन पाहणीला आलते. "हे काय हो गुरुजी?"

मी खिशातली चावी घट्ट धरली. गुरुजी पातेल्याखालून शांतपणे म्हणाले, "ऊन फार आहे साहेब."

"चेरमन," गयाआजी म्हणली, "हितं उभं ऱ्हायचं तर तुमी बी एक घमेलं घ्या." आन चेरमननी घेतलं! डोक्यावर घमेलं ठेवून त्यांनी एकदा पाइपाकडं बघितलं, एकदा फाटकाकडं.

"महादू, टँकर आत येत न्हाई, कबूल. पण नुसता पाइप घेऊन फाटकातून चालत येता येत न्हाई का?"

मी खाली उतरलो. पाइप खांद्यावर घेतला. फाटकातून चालत गेलो आन हौदात सोडला.

पुरला की हो!