वरची बॅच

माझ्या ताईने आजवर माझ्याकडे फार थोड्या गोष्टी मागितल्या आहेत. त्यांपैकी एकीत मी तिला फसवले, आणि तिच्या आठ वर्षांच्या मुलीने त्याबद्दल बोलणी खाल्ली.

ताई, भाऊजी आणि माझी भाची गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात नागपूरहून कॅनडात कॅल्गरीला आले. मी त्याच्या सहा वर्षे आधीपासून इथे एका तेल कंपनीत काम करते. जमिनीखाली तेल कुठे आणि किती असेल याची गणिती मॉडेल्स बांधणे हे माझे काम. बँकेत खाते कसे उघडायचे, विंटर टायर्स कधी बसवायचे, शाळेच्या पत्राला काय उत्तर द्यायचे, हे सगळे ताई मला विचारत असे. डिसेंबरात असेच एक पत्र आले: फेब्रुवारीत तिसरीच्या वर्गाची स्कीची सहल जाणार होती.

"इथली पोरं पाळण्यातून उतरून थेट स्कीवर उभी राहतात," ताई फोनवर म्हणाली. "आपली एकटीच धपाधप पडेल आणि सगळे हसतील. आत्ता कुठे वर्गात दोन मैत्रिणी झाल्यात. सहलीच्या आधी तिला एकदा शिकवून आणू या. लहान मुलांना, नवशिक्यांना बरी पडेल अशी जागा तू शोध. तुला ते बरोबर जमतं."

मी नेहमीप्रमाणे तक्ता केला. शिकाऊ मुलांसाठी कुंपण घातलेली वेगळी उतरण आहे का. तिच्या माथ्यावर जाण्यासाठी नुसते उभे राहायचा सरकता पट्टा आहे, की उंच लोंबकळणारी चेअरलिफ्टच घ्यावी लागते. एका शिक्षकाकडे किती मुले. वॉशरूम किती लांब. गाडीने किती वेळ. प्रत्येक निकषाला महत्त्वानुसार भार दिला आणि बेरीज केली. उत्तर संशयाला जागा न ठेवणारे होते. शहराच्या कडेलाच एक लहानशी टेकडी आहे. अनुभवी लोक तिला नावे ठेवतात, पण आठ वर्षांच्या घाबरट मुलीसाठी तिच्यासारखी जागा नाही. ती पहिली आली. डोंगरातला मोठा रिसॉर्ट चौथा आला.

तो तक्ता मी त्याच दिवशी ताईला पाठवला असता, तर हे लिहायची वेळ आली नसती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या पॅन्ट्रीत माझी मॅनेजर कॉफी ओतताना म्हणाली, की तिच्या घरचे सगळे दर शनिवारी त्या डोंगरातल्या रिसॉर्टला जातात. तिची मुलगीही आठ वर्षांचीच. "ये ना एकदा तुझ्या भाचीला घेऊन." आमच्या गटाच्या प्रमुखाची जागा वसंतात भरायची होती, हे मला माहीत होते. मॅनेजर कामाखेरीज माझ्याशी बोलत नाही, हेही माहीत होते. स्कीबद्दलच्या गप्पांत मी नेहमी बाजूला उभी असायची.

त्या संध्याकाळी मी तक्ता पुन्हा उघडला. गाडीने लागणाऱ्या वेळेचा भार कमी केला. 'नैसर्गिक बर्फ' असा नवा रकाना घातला, मग 'परिसर'. तरी रिसॉर्ट दुसराच राहिला, तेव्हा शिकाऊ उतरणीच्या कुंपणाचा भारही उतरवला. ऑफिसात एखाद्या कनिष्ठाने ठरलेल्या उत्तरापर्यंत आकडे असे ओढत नेले असते, तर मी त्याचा अहवाल सर्वांसमोर परत केला असता.

रविवारी ताई जेवायला आली तेव्हा मी लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला.

"अगं बाई, एवढे रकाने!" ती हसली. "काय करून राहिली तू? तुझ्यासाठी मुलगा पण यातच शोधू का? उंची, पगार, घोरतो की नाही?"

"घोरण्याला सर्वांत जास्त भार देईन."

ती खळखळून हसली आणि तक्ता न वाचताच तिने भाऊजींना सांगितले, "हिने नीट अभ्यास करून काढलंय. डोंगरातलंच घेऊ."

जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही तिघी निघालो. भाऊजींना काम होते. दीड तासाच्या रस्त्यात भाचीने तीनदा विचारले, "मावशी, थांबायचं कसं असतं?" मी तिन्ही वेळा सांगितले, "शिकवतील."

नोंदणीच्या टेबलावर फॉर्म मी भरला. मुलाची पातळी विचारली होती. पहिली: कधीही स्की केलेले नाही. दुसरी: वळता येते, थांबता येते, चेअरलिफ्टवर बसण्याची सवय आहे. तेवढ्यात मॅनेजर शेजारी येऊन उभी राहिली. तिची मुलगी गुलाबी हेल्मेट घालून तयार होती. "आमची दुसरीत आहे," ती म्हणाली. "दोघी एकत्र असतील तर किती छान!"

मी दुसऱ्या चौकोनात खूण केली.

हे केवळ मॅनेजरसाठी केले, असे म्हणणे मला सोयीचे ठरेल. पण ते पुरेसे खरे नाही. आमच्या घरात मूल खालच्या बॅचमध्ये असणे ही लपवायची गोष्ट होती. दहावीनंतरच्या क्लासमध्ये चाचणीच्या गुणांवर बॅच ठरत असे. माझे गुण कमी पडले, तेव्हा बाबांनी सरांना भेटून मला वरच्या बॅचमध्ये बसवले. वर्षभर मी गुदमरले, पण टिकले, आणि पुढे गेले. त्या एका उदाहरणावरून मी नियम बनवला होता, की मुलाला झेपेल त्याच्या एक पायरी वर टाकावे, ते आपोआप चढते. एकाच नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये, हे मी पदवीच्या पहिल्या वर्षात शिकले होते.

"काय लिहिलंस?" ताईने विचारले. तिला इंग्रजी येते, पण असल्या फॉर्मांपुढे ती मागे सरते.

"तिची बॅच लिहिली. चांगली मिळालीय."

"झेपेल ना तिला?"

"मुलं पटकन उचलतात गं."

भाचीने माझ्या जॅकेटची बाही ओढली. "पण मावशी, मला थांबताच येत नाही." मॅनेजर ऐकत नाही ना, हे मी आधी पाहिले आणि मग भाचीच्या हेल्मेटचा पट्टा घट्ट केला.

वर्ग दोन तासांचा होता. ताईने घरून तिखटमिठाच्या पुऱ्या आणल्या होत्या. ती डबा मांडीवर घेऊन खिडकीशी बसली, आणि मी मॅनेजरबरोबर दुसऱ्या टेबलावर. ताईची ओळख मी करून दिली, पण तिला आमच्यात बोलावले नाही. पाऊण तास माझे बोलणे अप्रतिम चालले होते. मी मध्येच एकदा खिडकीकडे पाहिले, तेव्हा चेअरलिफ्ट थांबलेली दिसली. ती अधूनमधून थांबतेच, असे मॅनेजर म्हणाली.

ती माझ्या भाचीमुळे थांबली होती. वर उतरताना भाची लिफ्टच्या खुर्चीपुढेच पडली. तिला उठवून गटात उभे केले, तर ती घसरली आणि थांबता न आल्यामुळे सरळ दोन मुलांवर जाऊन आदळली. त्यांतली एक मॅनेजरची मुलगी होती. कुणाला लागले नाही. पण भाची बर्फात बसली ती उठेचना. शेवटी जखमींना आणतात त्या स्लेजवर ब्लँकेटमध्ये गुंडाळून तिला खाली आणले. ताई डबा तसाच टाकून धावली. स्लेजवरून आपले मूल येताना पाहिले, तेव्हा तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी विसरू शकलेले नाही.

शिक्षक तरुण आणि अतिशय नम्र होता. "तिला वळता आणि थांबता येतं, असं आम्हाला सांगितलं होतं," एवढेच तो म्हणाला.

मॅनेजरची मुलगी मागून आली होती. "ती खोटं बोलली," ती स्पष्ट आवाजात म्हणाली. "ती दुसऱ्या पातळीची नाहीच आहे."

मॅनेजर हसून मला म्हणाली, "मुलं ना! सगळ्यांनाच मोठ्या गटात जायचं असतं."

आणि मी हसले. "हो ना," म्हणाले.

भाची माझ्याकडे पाहत होती. पाच महिने इथल्या शाळेत काढल्यावर तेवढे इंग्रजी तिला पुरेपूर कळत होते.

परतीच्या वाटेवर ताईचा धीर सुटला, आणि भीती ओसरल्यावर आयांना जो राग येतो तो तिला आला. "कशाला सांगितलंस त्यांना येतं म्हणून? हात-पाय मोडला असता म्हणजे? खोटं बोलायची सवय कुठून लागली तुला?"

"मी काही नाही सांगितलं," मागच्या सीटवरून भाची म्हणाली.

"मग त्यांना काय स्वप्न पडलं?"

रस्ता मोकळा होता, ऊन होते, आणि बोलण्यासाठी माझ्यापाशी सव्वा तास होता. मी गाडी चालवत राहिले.

तीन आठवड्यांनी ताईचा फोन आला. "सहलीला जायचं नाही म्हणून राहिली. खूप खोदून विचारलं तर म्हणते, मी ढ आहे, मला वेगळ्यानं आणावं लागलं. मी रागावले त्याचंच घेतलं असेल का गं तिनं मनाला?"

ताई स्वतःला दोष देत होती, आणि ते मला ऐकवेना. मी त्याच संध्याकाळी गेले आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या तिला सगळे सांगितले: तक्ता कसा फिरवला, फॉर्मवर कुणी काय लिहिले, कुणाकडे पाहून हसले. ताई कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

"गाडीत मी तिला इतकं बोलले," ती म्हणाली. "तू बाजूला बसून ऐकलंस."

"हो."

"मला नको सांगू. तिला जाऊन सांग."

भाची तिच्या खोलीत वहीत रेघा मारत होती. मी जमिनीवर बसले आणि म्हणाले, की तो गट तिचा नव्हताच, तो चौकोन मी निवडला, तिने काही खोटे सांगितले नव्हते.

"म्हणजे मी ढ नाही?"

"नाही. ज्याला कुणी शिकवलंच नाही, त्याला येणार कसं?"

तिने थोडा विचार केला. "मग त्या आंटीला सांगितलंस?"

"नाही अजून."

"टेल हर. शी थिंक्स इट वॉज मी."

सोमवारी मी मॅनेजरच्या दारावर टकटक केली. वाक्ये पाठ केली होती. ती ऐकताना तिच्या कपाळावर आठी पडली. रागाची नव्हे, आठवण्याच्या प्रयत्नाची. "स्कीच्या दिवशी? अच्छा, ती! अगं, कुठे मनावर घेतेस," ती म्हणाली आणि स्क्रीनकडे वळली. ज्या मतासाठी मी एका मुलीला खोटारडी ठरू दिले, ते मत तिने बनवलेलेच नव्हते. गटप्रमुखाची जागा पुढे मला मिळाली. निवड करणाऱ्यांत ती नव्हती.

"काय म्हणाली?" संध्याकाळी भाचीने फोनवर विचारले.

त्या आंटीने तुला सॉरी म्हटलंय, असे सांगायचा मोह मला झाला. "तिला आठवतच नव्हतं," मी खरे ते सांगितले.

मग ती म्हणाली, "ओके," आणि फोन आईकडे दिला. ताईने जेवण झाले का विचारले.

सहलीच्या दिवशी भाची शाळेच्या लायब्ररीत बसली. ताईने तिला आग्रह केला नाही, आणि मलाही करू दिला नाही.

ताई माझ्याशी नीट वागते. सणाला बोलावते, डबा देते. परवा भाचीला दाताच्या डॉक्टरकडे न्यायचे होते. कोणता बरा, हे ताईने शेजारणीला विचारले. मला ते भाचीकडून कळले, जाऊन आल्यानंतर.