चौदाची रेघ

माझे बाबा, तेजराम मेश्राम, भिलाईच्या प्लांटमध्ये बत्तीस वर्षं क्रेन चालवत होते. खाली उभा असलेला माणूस हाताचं बोट हलवायचा आणि वर केबिनमध्ये बसलेले बाबा ते बोट बरोबर ओळखायचे. ड्यूटी संपली की सेक्टर 2 च्या क्वार्टरमध्ये पुस्तक घेऊन बसायचे. दरवर्षी ऑक्टोबरात दीक्षाभूमीवरून ते दोन पिशव्या पुस्तकं आणत आणि पुढच्या ऑक्टोबरपर्यंत ती संपवत.

रिटायर झाल्यावर आम्ही नेहरू नगरात राहायला आलो. गेल्या वर्षी बाबांना नव्या यंत्रांचा नाद लागला. आधी टॅब आला. मग त्याहून मोठा टॅब. मग मान वाकवता येणारा दिवा, आणि लेख वाचून दाखवणारं अॅप ऐकायला हेडफोन. सकाळी मी बँकेत जायची तयारी करत असताना ते हाक मारत.

"नलू, ऐक तं. ऑक्टोपसले तीन हृदयं असतेत. आणि रक्त निळं."

"तुमाले कोणं सांगतलं?"

"आत्ताच ऐकून राहिलो."

पुस्तकांचं कपाट उघडणं हळूहळू बंद झालं. आई म्हणायची, "यायचं पुस्तकाशी भांडण झालं वाटते." मला मात्र कौतुक वाटायचं. एकाहत्तराव्या वर्षी हा माणूस जगाच्या बरोबर चालला आहे, असं मी बँकेत सांगायची.

आईला, सत्यभामाला, साखरेचा आजार. तिला सुई पाहवत नसे, म्हणून इन्सुलिन बाबाच द्यायचे. सकाळी चौदा युनिट, संध्याकाळी दहा. सहा वर्षं ते काम त्यांच्याकडेच होतं.

फेब्रुवारीतला रविवार होता. साडेदहाच्या सुमारास आई व्हरांड्यात मेथी निवडत बसली होती. मी कपडे वाळत घालत होते. तिनं निवडलेली मेथी काड्यांच्या ढिगात टाकली आणि काड्या भांड्यात. मी हाक मारली तर माझ्याकडे पाहून म्हणाली, "आजी आली काय?" तिच्या ब्लाउजची पाठ घामानं चिंब झाली होती.

"बाबा, मशीन आणा लवकर."

बाबा साखर मोजायचं मशीन घेऊन धावत आले. मी आईच्या बोटाला टोचून थेंब पट्टीवर घेतला, मशीन त्यांच्या हातात दिलं आणि तिला धरून बसले. ती माझ्या अंगावर कलत होती.

"किती आली?"

 बाबांनी खिशातून मोबाइल काढला, मशीनचा फोटो घेतला आणि दोन बोटांनी तो ताणायला लागले. मान तिरकी केलेली. नजर मोबाइलवर नाही, मोबाइलच्या बाजूला.

"बाबा, काय करून राहिले? किती आली?"

"थांब, मोठं होऊ दे."

मी मशीन हिसकावलं. एक्केचाळीस. तोवर आईचे डोळे मिटायला लागले होते. मी स्वयंपाकघरात धावले, साखरेचं पाणी केलं, आणि तिचं डोकं मांडीवर उंच धरून चमच्या-चमच्यानं पाजलं. घोट गिळला जातोय की नाही, हे दर वेळी गळ्याला हात लावून पाहत होते. बाबा भिंतीला टेकून उभे होते. पंधरा मिनिटांनी अठ्ठावन्न झाली. आणखी पंधरा मिनिटांनी चौऱ्याऐंशी. आईनं विचारलं, "मेथी कोणं सांडवली?" तेव्हा मी चमचा खाली ठेवला.

तिला पलंगावर निजवून मी सिरिंज आणली.

"सकाळी किती भरलं होतं?"

"चौदा."

"भरून दाखवा."

त्यांनी सिरिंज दिव्याखाली धरली, दांडा मागे ओढला आणि माझ्यासमोर केली. दांडा चोविसाच्या रेघेवर होता. मी आकडा सांगितला. ते खाली बसले.

"कधीपासून?"

"मागच्या पावसाळ्यापासून. उजव्यानं मधातलं काहीच दिसत नाही. डाव्यानं अक्षर तुटते. बाजूबाजूनं दिसते, म्हणून चालता येते."

"मग सुई कशी भरत होते?"

"हाताले सवय आहे, म्हटलं."

"कावून नाही सांगितलं, बाबा?"

"सारं वाचलं होतं मी. डोळ्याचा पडदा सुकते, याले इलाज नाही. मग सांगून काय? तुमी सुई काढून घेतली असती. घरात तेवढंच एक काम होतं माझ्याकडं."

पलंगावरून आई म्हणाली, "मले सांगतलं असतं तं मीच डोळे मिटून टोचून घेतलं असतं."

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी त्यांना दुर्गला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीण बाईंनी नजर तपासायचा, बारीक चौकटी आखलेला कागद पुढे केला. बाबा म्हणाले, ही तपासणी मी टॅबवर रोज करून पाहतो, मधल्या रेघा वाकड्या दिसतात. बाईंनी पेन खाली ठेवलं. "रोज पाहत होता, मग आला का नाहीत?" त्यांनी हिंदीत विचारलं.

तपासणीला तीन तास लागले. इलाज नाही असं बाबांनी वाचलं होतं, तो सुका प्रकार. बाबांचा दुसरा होता, पडद्यामागे पाणी झिरपण्याचा. त्यावर डोळ्यात इंजेक्शन देतात. उजव्या डोळ्यात व्रण धरला होता, आता तिथे काही उरलं नव्हतं. सहा-सात महिने आधी आला असतात तर, एवढंच बोलून बाई थांबल्या. डावा वाचण्यासारखा होता.

परत येताना ऑटोत बाबा म्हणाले, "दुसऱ्या प्रकाराचं बी वाचलं होतं मी. डोळ्यात सुई टोचते, हे बी वाचलं. म्हणून तो आपला नाही, असंच धरून चाललो."

 मला राग आला होता, आणि तो राग नेमका कशाचा हे मलाही सांगता आलं नसतं.

डाव्या डोळ्यात आतापर्यंत चार इंजेक्शनं झाली. पहिल्या वेळी त्यांनी माझं मनगट इतकं दाबलं की बांगडी रुतली. आता त्या डोळ्यानं मोठं अक्षर वाचता येतं. आणखी बिघडलेलं नाही, सुधारेलच असंही नाही.

आईला आम्ही इन्सुलिनचं पेन आणलं. आकडा फिरवला की एकेका युनिटला ते टिक वाजतं. आई तोंड फिरवून स्वतःच टोचून घेते. पहिल्या सकाळी बाबा दारात उभे राहून म्हणाले, "मी मोजू काय?"

आईनं थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं.

"मोजा," ती म्हणाली. "पण मी बी मोजीन."