रुमालाखालचा सौदा

माझ्या आधीच्या नवऱ्याने मला फसवले आणि घोड्यांच्या एका दलालाने त्याला साथ दिली.

जातपंचांपुढे आमची काडीमोड झाली तेव्हा मी अंगावरच्या लुगड्यानिशी निघाले आणि नंदुरबारच्या बाजारात मिरची विकायला बसले. पुढे स्वतःची वखार झाली. वखार झाल्यावर त्याला बायको आठवली. काडीमोड खोटी, हिला नांदायला पाठवा, असा त्याने कोर्टात दावा लावला. वकिलासाठी मी आईचे चांदीचे वाळे सोनाराकडे गहाण टाकले. दावा फेटाळला गेला आणि माझा सगळा खर्च त्याने भरावा, असा हुकूम झाला.

हुकूम झाला म्हणून पैसे हाती येत नाहीत. बेलीफ जप्तीला गेला की घर बापाचे, बैल भावाचे. म्हणून मी सारंगखेड्याच्या जत्रेपर्यंत दम धरला. तिथे तो पांढरी घोडी विकायला आणणार होता, आणि गिऱ्हाइकापुढे तिला भावाची म्हणणे त्याला परवडणारे नव्हते.

बेलीफाने लगाम धरला तशी माणसे जमली. नवरा त्यांना ऐकवत म्हणाला, "मिरच्या इकी इकी हाई बाई बी तिखी हुई गई!"

"तिखी शे म्हनीसनच खपस," मी म्हटले. "तुले कोन इचारस?"

लोक हसले. तेवढ्यात तो दलाल पुढे आला. लग्न झाल्यापासून मी त्याला मामा म्हणत असे. तो म्हणाला, "पोरी, जत्रामा तमाशा करू नको. रुमालखाल मिटाडी टाकूत."

जत्रेत घोड्याचा भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली हात धरायचा, बोटे दाबून आकडा सांगायचा. असा ठरलेला सौदा मोडल्याचे मी कधी ऐकले नव्हते. मामा एकदा नवऱ्याचा हात धरी, एकदा माझा. अर्ध्यापासून सुरुवात झाली. मी तीनदा हात झटकला आणि पूर्ण खर्चावर आणूनच सोडले. घोडी विकली की संध्याकाळी पैसे, असे ठरले.

बेलीफ मात्र लेखी घेतल्याशिवाय हलेना. मी वॉरंटाच्या पाठीवर 'आपसांत मिटले, पैसे पावले' असे लिहून सही केली. पोते उघडून पाहिल्याशिवाय मिरचीला हात न लावणारी मी, रुमालावर भरवसा ठेवून बसले.

संध्याकाळपर्यंत घोडी विकली गेली होती आणि नवरा तापीपार झाला होता.

मी पुन्हा कोर्टात गेले. त्याने सांगितले, सौदा चौथाईचा झाला आणि पैसे तिथेच दिले. मी मामाला साक्षीला बोलावले. मुन्सफांनी विचारले, किती ठरले होते? तो हात जोडून म्हणाला, "रुमालखालनं मी रुमालबाहेर बोलत नही, साहेब. हाऊ आमना धंदाना धरम शे."

माझी सही समोर होतीच. अर्ज निकालात निघाला. वाळे सोनाराने आटवले.

नवऱ्याला मी काही विचारत नाही. तो कसा आहे हे लग्नातच कळले होते. विचारायचे आहे मामाला. मामा, धंद्याचा धर्म भाव झाकण्याचा आहे की चोर झाकण्याचा? नवरा कोर्टात खोटे बोलला, हे तुमच्या हाताला माहीत होते. तुम्ही अजून जत्रेत बसता, अजून लोक तुमच्या हातात हात देतात. त्यांच्यासमोर सांगा, त्या दिवशी माझ्या हातावर शेवटी किती बोटे दाबलीत?