मंदाचं वय

हे मी नवऱ्याला कधी सांगितलं नाही, मुलींनाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मंदाला ओळखत नाही — आणि मला तरी कुठे ओळखता?

भोसरीला एक पत्र्याची शेड होती. गिरण्यांत उरलेल्या सुताचे गुंते गाठोडी भरभरून तिथे यायचे. आम्ही पोरी-बायका ते सोडवायचो, कचरा वेचायचो, पांढरं आणि रंगीत वेगळं करायचो. कंपन्यांना यंत्रांचं तेल पुसायला ते लागायचं. लहान बोटांना गुंता पटकन सुटतो, म्हणून मुकादमाला लहान पोरीच हव्या असायच्या. मंदा त्यातली. आमच्याच गावची, आई नसलेली. ती जन्मली तेव्हा मी सात वर्षांची होते. तिला कडेवर घेऊन गावभर मिरवलंय मी. तिचं वय माझ्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक असणार? तिचा बापसुद्धा विचारलं की नुसता बोटं मोजत बसायचा.

एकदा सरकारी साहेब तपासणीला येणार अशी खबर लागली. मुकादमाने बाकीच्या पोरींना घरी बसवलं, पण मंदा हाडापेराने थोराड — तिला साडी नेसव, म्हणाला. मी नेसवली. निऱ्या खोचताना गुदगुल्या होऊन ती इतकी हसली, की मलाही हसू आवरेना. तिचा अंबाडा घातला, माझ्या बांगड्या तिच्या हातात सरकवल्या. वय विचारलं तर अठरा म्हणायचं, हे तिच्याकडून घोकून घेतलं.

"अक्का, मी खरंच अठराची हाय?"

मी हो म्हणाले. शाळेचं तोंड न पाहिलेलं पोर ते. अक्का सांगते म्हणजे खरंच, एवढंच तिला कळायचं. साहेबही फार खोलात शिरले नाहीत.

ते पुन्हा कधीही येतील म्हणून साडी रोजचीच झाली. आणि एकदा साडीत दिसलेली पोरगी परकर-पोलक्यात परत जाते का कुठे? वस्तीतल्या बायकांच्या नजरा बदलल्या. वर्ष सरायच्या आत चाकणकडचं एक स्थळ आलं. बापाला तर उजवून टाकायची घाईच होती. पण मुलाची आत्या सावध. लहान पोर आम्हाला नको, घरात कामाला माणूस पाहिजे, असं म्हणत ती मला भेटायला आली.

"खरं सांग, किती वर्साची हाय?"

खरं बोलले असते, तर ती आल्या पावली परत गेली असती. पण मग बोभाटा झाला असता, शेडमधलं माझं काम गेलं असतं — की हे कारण मी मागाहून शोधलं? जाऊ दे. मी अठरा म्हणाले. जराही अडखळले नाही.

तुम्हाला वाटेल, हेच ते. हेच सांगायचं असतं तर एवढी वर्षं लागली असती का?

पहिल्या दिवाळीला मंदा माहेरी आली. वाळली होती. दुपारी माझ्याजवळ येऊन बसली. मग खाली बघत म्हणाली, "सासू म्हनती, अठराची घोडी झाली, धड भाकरी थापता येईना. घागरबी माझ्यानं उचलवत न्हाई. बाकीच्या अठराच्या पोरींना कसं जमतं गं सगळं? माझ्यातच काय तरी कमी हाय का, अक्का?"

तू बारा वर्षांची आहेस, मंदे. तुझ्यात काही म्हणजे काही कमी नाही. — एवढंच म्हणायचं होतं. ओठांवर आलं होतं. पण तिने ते सासरी जाऊन सांगितलं असतं, आणि कुणाकडून कळलं तेही सांगितलं असतं.

माझं तिच्यावर प्रेम होतं हो. खरंच होतं. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं, केसांतून हात फिरवत राहिले आणि म्हणाले, "तू हायसच जरा मठ्ठ. शिकशील हळूहळू."

तिला ते पटलं.